५० मिमी मॅन्युअल फोकस लेन्स: एफ/१.२, एफ/१.४ आणि एफ/१.८ यांपैकी कोणती घ्यावी?

आपल्याकडे फुल-फ्रेम मिररलेस कॅमेरा आहे आणि माणसांची छायाचित्रे काढण्यासाठी निकॉनच्या जुन्या एआय-एस (हाताने फोकस करायच्या लेन्सच्या) मालिकेतील ५० मिमी लेन्स घ्यायची आहे, असे आपण लिहिले आहे. माझे मत एफ/१.८ च्या बाजूने आहे. (एफ/ पुढचा आकडा जितका लहान, तितके अॅपर्चर, म्हणजे प्रकाश आत येण्याचे छिद्र, मोठे.)

एफ/१.८ आणि एफ/१.४ यांच्यातील प्रकाशाचा फरक जेमतेम दोन-तृतीयांश स्टॉपचा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट किंवा निम्मा प्रकाश) असून आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता, किंचित वाढवून तो सहज भरून काढता येतो. खरा प्रश्न फोकसचा आहे. एक मीटर अंतरावरील चेहऱ्यासाठी ५० मिमी लेन्स एफ/१.४ वर वापरली, तर स्पष्ट दिसणारा पट्टा सुमारे तीन सेंटिमीटरच असतो. हाताने फोकस करताना समोरची व्यक्ती किंचित पुढे झुकली किंवा आपणच श्वास घेताना हललो, तरी डोळ्याऐवजी कान स्पष्ट येतो. त्यामुळे अशा छायाचित्रांसाठी मी बहुतेक वेळा एफ/२ किंवा एफ/२.८ वरच काम करतो, आणि तिथे एफ/१.८ ची लेन्स कुठेही कमी पडत नाही.

एफ/१.२ मात्र वेगळीच आहे. पूर्ण उघड्या अॅपर्चरवर तिच्यातील गोलीय विपथनामुळे (काचेच्या कडेचे आणि मधले किरण एकाच बिंदूवर न जुळण्याच्या दोषामुळे) उजळ भागांभोवती मऊ प्रभा दिसते, तर एफ/२ च्या पुढे तीच लेन्स अतिशय स्पष्ट चित्र देते. ही दोन रूपे आपल्याला मनापासून हवी असतील, तरच तिचे सुमारे ३६० ग्रॅम वजन वागवण्यात अर्थ आहे. शिवाय अशा वेगवान (मोठ्या अॅपर्चरच्या) लेन्समध्ये अॅपर्चर लहान करताना फोकसचे प्रतल, म्हणजे सर्वांत स्पष्ट दिसणारी पातळी, थोडे सरकू शकते, म्हणून ज्या अॅपर्चरवर छायाचित्र घ्यायचे, त्यावरच प्रतिमा मोठी करून फोकस करावा. फोकस पीकिंग (स्पष्ट कडा रंगाने दाखवणारी कॅमेऱ्यातील सोय) दिशा दाखवते, पण मोठ्या अॅपर्चरवर निव्वळ तिच्या भरवशावर राहू नये.

वापरलेली लेन्स घेताना मी अॅपर्चरच्या आकड्यापेक्षा तिच्या स्थितीला अधिक महत्त्व देतो. फोकस रिंग पूर्ण फेऱ्यात एकसारखी, ना सैल ना जड, फिरली पाहिजे. अॅपर्चरच्या पात्यांवर तेल नसावे. आणि मागून टॉर्चचा प्रकाश टाकल्यावर आतल्या काचांवर बुरशीचे तंतू किंवा धुरकट थर दिसू नये. चांगल्या स्थितीतील एफ/१.८ मिळत असेल, तर अडखळत फिरणाऱ्या एफ/१.४ चा विचारही करू नका.