एकाच जातीचे पक्षी, एकच रोग, मग फरक कशाचा?

प्रश्न: पक्षी आणि त्यांच्यावरचे परजीवी एकमेकांमुळे बदलत जातात असं वाचलं. हा बदल एका जातीत सगळीकडे सारखाच होतो की जागेप्रमाणे वेगळा?

उत्तर: जागेप्रमाणे वेगळा होऊ शकतो. हवाईतला अमाकिही बघा, छोटासा हिरवट पिवळा पक्षी. या बेटांवर आधी डासच नव्हते, ते १८२६ च्या सुमाराला जहाजातून आले, नंतर पक्ष्यांचा मलेरिया आला आणि तिथल्या पक्ष्यांची त्याच्याशी कधी गाठच पडलेली नसल्यामुळे खालच्या उबदार जंगलातले पक्षी भराभर मेले, वर डोंगरात टिकले कारण तिथे थंडी, डास कमी आणि साधारण १३ अंशाच्या खाली डासाच्या अंगात परजीवीची वाढच थांबते. पण पुढे हवाई बेटाच्या सखल भागात अमाकिही परत वाढायला लागले, तेही मलेरिया भरपूर असलेल्या जागी! मग खालच्या आणि वरच्या पक्ष्यांना मुद्दाम लागण करून बघितली तर रक्तातले परजीवी साधारण सारखेच, पण खालचे कमी मेले, वजनही कमी घटलं. म्हणजे रोग गेला नाही, तो सोसणारे जगले आणि त्यांचीच पिल्लं वाढली. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण आपण प्रतिकार म्हटलं की जंतू मारणं एवढंच धरतो.

परजीवीही बदलतात, आणि त्यांच्या पिढ्या भरभर होतात म्हणून बरेचदा तेच पुढे असतात. अमेरिकेत युटा विद्यापीठात एकाच जातीच्या उवा पांढऱ्या आणि काळ्या कबुतरांवर ४ वर्षं वाढवल्या, म्हणजे उवांच्या साधारण ६० पिढ्या, तर पांढऱ्यांवरच्या फिकट झाल्या आणि काळ्यांवरच्या गडद, कारण पिसं साफ करताना चोचीला उठून दिसेल ती ऊ आधी जाते.

मात्र पक्ष्यांची ये-जा फार असली की बाहेरची जनुकं मिसळत राहतात आणि असा फरक टिकायला अवघड जातं.

हवाईत याची एक वाईट बाजूही आहे. सोसणारा अमाकिही अंगात परजीवी घेऊन जगतो, त्याला चावलेला डास पुढे इइवी नावाच्या लालभडक पक्ष्याला चावतो आणि इइवी बहुतेक वेळा मरतो. म्हणून २०२३ पासून माउई बेटावर प्रयोगशाळेत वाढवलेले नर डास सोडतायत, त्यांच्याशी जमलेल्या रानटी मादीची अंडी उबतच नाहीत.