सागरविज्ञानाच्या क्वालिफायिंगची तयारी सोलापुरात बसून होईल का?

तू लिहिलंस ते थोडक्यात असं: सोलापुरात रसायनशास्त्रात एमएस्सी, आता अमेरिकेत सागरविज्ञानात पीएचडीचं दुसरं वर्ष, सप्टेंबरात क्वालिफायिंग, म्हणजे पीएचडी पुढे चालू ठेवण्यासाठी द्यावी लागणारी परीक्षा. चार जणांची कमिटी, आधी लेखी, मग दोन-अडीच तास तोंडी. मे-जून घरी काढणार आहेस, भौतिक समुद्रशास्त्राची धास्ती आहे. आणि शेवटचं वाक्य, 'बाकीचे किनाऱ्यावर वाढलेत, मी एकविसाव्या वर्षी पहिल्यांदा समुद्र पाहिला.'

मीही सोलापूरची. ही परीक्षा दिली त्याला पंधरा वर्षं झाली, आता अशा कमिट्यांवर बसते. त्या शेवटच्या वाक्यापासूनच सुरुवात करते, कारण माझी पहिली तोंडी परीक्षा नेमकी तिथेच अडली होती.

मला विचारलं, अरबी समुद्र बंगालच्या उपसागरापेक्षा जास्त खारट का? उत्तर पाठ होतं. अरबी समुद्राच्या पृष्ठभागावर क्षारता (किलोभर पाण्यात साधारण किती ग्रॅम क्षार) ३६ च्या आसपास, उपसागराच्या उत्तर टोकाला ३० च्याही खाली. इकडे बाष्पीभवन जास्त, तिकडे नद्या मोठ्या. घडाघडा सांगितलं. मग एका सरांनी शांतपणे विचारलं, 'तुमच्या गावात पडलेला पाऊस कुठे जातो?' मी गप्प. हत्तरसंग कुडलला सीना-भीमेचा संगम शाळेच्या सहलीत पाहिलेला, भीमा पुढे कृष्णेला मिळते हे भूगोलात शिकलेले, कृष्णा बंगालच्या उपसागराला जाते हेही. तरी जोडता आलं नाही. नैऋत्य मोसमी वारे अरबी समुद्रावरून बाष्प उचलतात, सह्याद्रीवर बरंचसं रितं करतात, उरलंसुरलं आपल्याकडे येतं. पण भीमाशंकरला पडलेला पाऊससुद्धा पूर्वेलाच वाहतो. म्हणजे एका समुद्राचं गोडं पाणी आपल्या दारावरून दुसऱ्या समुद्रात जातं! गंगा-ब्रह्मपुत्रेचा वाटा अर्थात फार मोठा, पण तत्त्व हेच. मला तीन महिन्यांनी पुन्हा बसायला सांगितलं. वाईट वाटलं, खूप रडले. पण ते बरोबर होतं, हे आज खुर्चीच्या या बाजूने स्पष्ट दिसतं.

कारण त्या प्रश्नाच्या पुढे अख्खा विषय उभा असतो. उपसागरावर गोड्या पाण्याचा हलका थर बसतो, म्हणून वारा खालचं पाणी सहज वर आणू शकत नाही, पोषकद्रव्यं खालीच अडकतात, प्लवकांची, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांची, वाढ मर्यादित राहते. उत्तर अरबी समुद्रात उलट. हिवाळ्यात ईशान्येचे कोरडे वारे पृष्ठभाग थंड करतात, बाष्पीभवनाने पाणी आणखी खारट आणि जड होतं, ते खाली बसतं आणि खालचं नायट्रेट वर येतं. क्षारतेपासून निघून जीवशास्त्रापर्यंत पोचलीस, मध्ये कुठेही पुस्तक बदललं नाहीस. कमिटीला हे बघायचं असतं.

म्हणून ती जाडजूड पुस्तकं पहिल्या पानापासून वाचत बसू नकोस. सकाळी सहाला, ऊन चढायच्या आत, कोरा कागद घे आणि न बघता अशी एक कारण-परिणामांची साखळी लिही. जिथे अडशील तेवढंच पुस्तकात उघड. मी दुसऱ्यांदा अशीच तयारी केली.

भौतिकाची भीती आकडेमोडीने जाते. एकमन या स्वीडिश समुद्रशास्त्रज्ञाचं उदाहरण घे. नॉर्वेच्या नान्सेनला आर्क्टिकच्या मोहिमेत दिसलं होतं की समुद्रावरचा बर्फ वाऱ्याच्या दिशेने न जाता उजवीकडे सरकतो. १९०५ मध्ये एकमनने त्याचं गणित मांडलं. आता सोलापूरचाच अक्षांश घे, १७.७ अंश. कोरिऑलिसचा गुणक, म्हणजे पृथ्वीच्या फिरण्याचा तिथला परिणाम, येतो ४.४ गुणिले १० चा उणे पाचवा घात. वाऱ्याचा ताण ०.१ न्यूटन प्रति चौरस मीटर, पाण्याची घनता १०२५ किलो प्रति घनमीटर. ताणाला घनता आणि गुणकाच्या गुणाकाराने भाग. उत्तर सव्वादोनच्या आसपास. म्हणजे वारा किनाऱ्याला समांतर आणि किनारा त्याच्या डाव्या हाताला असेल, तर किनाऱ्याच्या दर मीटर लांबीमागे सेकंदाला दोन घनमीटरहून जास्त पाणी बाहेर ढकललं जातं, आणि त्याची जागा घ्यायला खालचं पाणी वर येतं. हे एकदा स्वतःच्या हाताने केलंस की 'अपवेलिंग' हा शब्द पाठ करावा लागत नाही.

रसायन तुझं घर आहे, पण तिथे गाफील राहू नकोस. तुझ्याच विषयात ते सगळ्यात खोल खणतात. एकूण विरघळलेला अजैविक कार्बन, क्षारीयता (आम्ल शमवण्याची पाण्याची क्षमता), पीएच आणि कार्बन डायऑक्साइडचा आंशिक दाब, या चारांपैकी दोन मोजले की उरलेले दोन काढता येतात, हे सांगशील. पण शंख-शिंपले कवच बनवतात तेव्हा पाण्यातला कार्बन डायऑक्साइड वाढतो की घटतो? (वाढतो. का ते समीकरण मांडून बघ.)

परत गेल्यावर कमिटीतल्या प्रत्येकाला जाऊन भेट, कुठपर्यंत वाचू असं सरळ विचार. त्यात काही कमीपणा नाही. आणि तोंडीत नुसतं 'माहीत नाही' म्हणून थांबू नकोस. 'नक्की माहीत नाही, पण मी असा विचार करेन' म्हण आणि खडू उचल. समोर बसलेली मी त्या क्षणाची वाटच बघत असते.

घरी आई-बाबांना एकदा नीट समजाव की ही नापास-पासची बोर्डाची परीक्षा नाही, पुन्हा बसायची संधी बहुतेक ठिकाणी मिळते. त्यांना सांगितलंस की तुझाही जीव हलका होईल.

आता एक प्रश्न. उन्हाळ्यात उजनीचं पाणी हिरवं होतं. अशा जलाशयाच्या तळाशी मे महिन्यात प्राणवायू का संपत जाईल? आणि अरबी समुद्रात साधारण १५० ते १००० मीटर खोलीवर प्राणवायू जवळजवळ नसलेला जो थर आहे, त्याच्याशी याचं साम्य कुठे संपतं? पुस्तक न उघडता दोन पानं लिही आणि मला पाठव, मी तपासून देते.