धनाग्राचा घोळ आणि फॅरडेचा सूर्य

प्रश्न असा आलाय: ‘द्रावणातून वीज सोडून घटक सुटे करतात, त्याला विद्युत अपघटन म्हणावं की विघटन?’

अर्थ दोन्हींत पोचतो. शाळेच्या पुस्तकात अपघटन आहे, तेच धरा. विघटन कचऱ्याचंही होतं नि कुटुंबाचंही.

माझं डोकं फिरतं ते त्याच धड्यातल्या ‘धनाग्र’ने. म्हणे अ‍ॅनोडचं, म्हणजे प्रवाह जिथून आतल्या रसायनात शिरतो त्या टोकाचं, भाषांतर! धन म्हणजे प्लस. मोरचुदाच्या पाण्यात तांब्याच्या दोन पट्ट्या सोडून बॅटरी जोडा. प्लसकडची पट्टी झिजते, ती अ‍ॅनोड. इथवर ठीक. आता टॉर्चचा साधा जस्त-कार्बन सेल घ्या. त्याचं जस्ताचं डबडं हाच अ‍ॅनोड. वापरता वापरता तेच झिजतं, भोक पडून सेल पाझरतो. आणि ते असतं मायनस! ऋण असलेलं धनाग्र. परिभाषेत मुरलेल्या एका गृहस्थांना हे दाखवलं, तर म्हणाले, ‘रूढ झालंय.’ रूढ तर पिवळा पीतांबरही आहे.

अ‍ॅनोडमध्ये धन-ऋण मुळात नाहीच. १८३४ साली विजेवर प्रयोग करणाऱ्या मायकेल फॅरडेला या टोकांसाठी नवी नावं हवी होती, ती केंब्रिजच्या विल्यम ह्यूएलने ग्रीकमधून घडवून दिली. फॅरडेची कल्पना अशी की पृथ्वीचं चुंबकत्व ज्यांमुळे असेल ते प्रवाह सूर्याच्या चालीने, पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहतात. विजेचं भांडंही मनाशी तसंच मांडायचं. प्रवाह द्रवात शिरतो ती उगवत, वर चढायची वाट: अ‍ॅनोड. बाहेर पडतो ती मावळत, उतरायची वाट: कॅथोड.

आणि आपला ‘उदय’ बघा! उत् अधिक अय, वर जाणं. अ‍ॅनोडच की हो! शिवाय त्या ‘अय’मधला ‘इ’ धातू, ‘एति’ म्हणजे जातो यातला, त्याचंच भावंड ग्रीक ‘आयन’मध्ये, म्हणजे द्रावणातल्या विद्युतभारित कणाच्या नावात, बसलंय. आयन म्हणजे जाणारा, उत्तरायणातल्या अयनाचा चुलतभाऊ. चुलतभाऊ म्हणतोय, मुलगा नव्हे. ‘सगळं संस्कृतातूनच गेलं’वाल्यांनी हे फॉरवर्ड करू नये.

म्हणून मी उदयाग्र नि अस्ताग्र म्हणतो. परवा रिमोटमधला पाझरलेला सेल हातात घेऊन नातवाला हे सगळं समजावलं. तो शांतपणे म्हणाला, ‘आजोबा, मार्क जातील.’

धनाग्रच लिही, म्हटलं.