सांगलीत जुन्या गाडीचं टोकन दिलं, आरसीवर बँकेचा बोजा निघाला. डीलर पैसे देईना. काय करू?

बोजा लपवला असेल, तर पावतीवर ‘टोकन परत मिळणार नाही’ छापलं असलं तरी पैसे मागता येतात. (नुसतं मन बदललं असेल, तर बाजू लंगडी पडते.)

आजच सरकारी एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकून फायनान्सरच्या नावाचा स्क्रीनशॉट घ्या. पावती आणि यूपीआयचा व्यवहार क्रमांक जोडून 15 दिवसांची लेखी नोटीस पोचपावतीसह स्पीड पोस्टने पाठवा. फोनवरच्या ‘उद्या देतो’ला पुरावा नसतो. रोख दिले असतील, तर व्हॉट्सॲपवर रक्कम लिहून त्याच्याकडून होकार घ्या, इथंच बहुतेक जण अडकतात.

तरी दाद नाही? 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार, मग जिल्हा ग्राहक आयोग: 5 लाखांपर्यंत फी नाही, मुदत 2 वर्षं, वकील सक्तीचा नाही.