फुलदाणीतली फुलं दोन दिवसांत माना टाकतात. ठाण्यात ताजी फुलं आणि पानं कशी निवडावीत?

तुम्ही लिहिलंय की घोडबंदर रोडला राहता, शनिवारी स्टेशनजवळून जरबेरा आणि गुलाब आणता आणि सोमवारी ते टाकून द्यावे लागतात. मी ठाण्यातच राहते आणि घरात वर्षभर फुलं ठेवते. माझ्या मते फूल निवडताना पाकळ्यांपेक्षा देठ बघावा, आणि फुलदाणीत निम्म्याहून जास्त जागा पानांना द्यावी.

आधी जरबेरा. त्याचा देठ लवदार आणि आतून पोकळ असतो. खोल पाण्यात तो लवकर कुजतो, पाणी वर चढायचं थांबतं आणि फूल मान टाकतं. म्हणून जरबेराला चार बोटं पाणी पुरे. घेताना फुलाच्या मधोमध बघा. परागाची एखाद-दुसरीच गोल ओळ दिसत असेल तर माल ताजा. सगळा मध्य पिवळा, भुरभुरीत झाला असेल तर फूल जुनं. मग फुलाच्या लगेच खाली देठ दोन बोटांत धरून पाहा, तो कडक लागला पाहिजे.

डच गुलाब आपल्याकडे बहुतेक मावळ-तळेगावच्या पॉलिहाऊसमधून येतात आणि सहसा २० फुलांच्या जुडीने मिळतात. फुलाचा बुंधा हलकेच दाबा. घट्ट लागला तर घ्या, मऊ लागला तर ठेवून द्या. बाहेरच्या एक-दोन पाकळ्या हिरवट, जाडसर, थोड्या खरचटलेल्या असतील तर त्यावरून फूल नाकारू नका. त्या आतल्या पाकळ्यांना सांभाळतात, घरी आल्यावर काढता येतात. उलट फूल अगदी तुकतुकीत आहे पण पाकळ्या मोजक्याच उरल्यात, तर खालून बघा. जुन्या फुलाच्या बाहेरच्या पाकळ्या खुडून ते ताजं म्हणून विकलं जातं, आणि पाकळ्या निघाल्याच्या खुणा बुंध्यापाशी दिसतात.

पण मला विचाराल तर आठवड्याच्या फुलदाणीसाठी निशिगंधासारखं फूल नाही. खालची दोन-तीन फुलं उमललेली आणि वरच्या कळ्या टपोऱ्या, अशी काडी निवडा. सगळ्याच कळ्या हिरव्या आणि बारीक असतील तर शेंड्याकडच्या बऱ्याच उमलतच नाहीत. खालचं सुकलेलं फूल रोज खुडत गेलात की काडी वरपर्यंत फुलत जाते, आणि संध्याकाळी दार उघडताच वास येतो. शेवंतीही चांगली टिकते. तिची पानं फुलांच्या आधी पिवळी पडतात, म्हणून घेताना पानंच तपासा.

आता पानं. लोक फुलांवर सगळे पैसे खर्च करतात आणि पानं फुकटची समजतात, ते मला पटत नाही. पानं आठ-दहा दिवस सहज टिकतात. त्यांच्यात चार-पाच फुलं खोचली तरी फुलदाणी भरलेली दिसते, आणि फुलं बदलली तरी पानं तीच चालतात. फुलवाल्याकडे कामिनीची जुडी मागा, तिची चकचकीत बारीक पानं कशाबरोबरही शोभतात. अरेका पाम, मॉन्स्टेरा, पिवळ्या कडांचं साँग ऑफ इंडिया हीसुद्धा भरवशाची. शतावरीची नाजूक पानं दिसतात सुंदर, पण पंख्याखाली झडतात. सोसायटीच्या बागेत क्रोटन असेल तर माळीदादांना विचारून छाटणीच्या फांद्या घ्या. येऊरहून मात्र काही तोडून आणू नका, ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे. आणि घरात लहान मूल असेल तर कण्हेर आणूच नका. तिचं पान, फूल, देठ सगळंच विषारी आहे आणि ती ठेवलेलं पाणीही.

घरी आल्यावर प्रत्येक देठ खालून इंचभर तिरका कापा. बाजारात कोरडा राहिल्याने त्यात हवा शिरलेली असते आणि ती पाणी अडवते. पाण्यात बुडणारी पानं काढून टाका, नाहीतर ती कुजून पाणी नासवतात. पाणी एक दिवसाआड बदला. लिटरभर पाण्यात दोन छोटे चमचे साखर घालायची असेल तर ब्लीचचे काही थेंबही घाला, नुसत्या साखरेने जंतू वाढतात. फुलदाणी फळांच्या टोपलीजवळ ठेवू नका. पिकणाऱ्या आंब्या-केळ्यांतून इथिलीन वायू सुटतो आणि त्याने फुलं लवकर कोमेजतात, कार्नेशन तर सगळ्यात आधी.

रोजच्यासाठी जांभळी नाका पुरेसा आहे, फक्त सकाळी लवकर जा. प्रकार जास्त हवे असतील तर पहाटे दादर पश्चिमेची मीनाताई ठाकरे फूल मंडई. गणपती, दसरा आणि लग्नसराईत भाव चढतात, तेव्हा मी पानं जास्त आणि फुलं कमी घेते. सकाळी दादरहून ठाण्याकडे येणाऱ्या लोकलला उलट बाजूइतकी गर्दी नसते, त्यामुळे जुडी उभी धरून आणता येते. ग्लॅडिओलस घेतलात तर ही काळजी घ्याच. तो फार वेळ आडवा राहिला तर शेंडे वरच्या दिशेने वळतात आणि नंतर सरळ होत नाहीत.