दूध उतू जाईल, गॅस बारीक कर

गेल्या अंकात मी सहज लिहून गेले होते की मनात दोन आवाज भांडायला लागले की तुम्ही कुठल्या कवितेकडे जाता ते कळवा, तर पत्रांचा ढीगच लागला, बरीचशी ईमेलने आणि काही चक्क पोस्टकार्डावर. सगळी घेता येणार नाहीत. एक पत्र मात्र मी चार दिवस पर्समधे घेऊन फिरत होते, त्यालाच जास्त जागा देतेय, बाकीच्यांनी राग मानू नये.

बाई, नमस्कार. मी ४३ वर्षांची, धायरीला राहते, बँकेत क्लार्क आहे. यंदा ऑफिसरचं प्रमोशन मिळतंय पण पोस्टिंग नागपूरला. घरी आई, वय ७६, बीपी शुगर दोन्ही, गुडघे गेलेत. भाऊ आहे, तो फोनवर "तू बघ काय ते" एवढंच म्हणतो. कॉलेजात असताना मी कविता करायचे, परवा वीस वर्षांनी वही काढली आणि हे लिहिलं गेलं:

एक म्हणते, झेप घे, क्षितिज तुझी वाट पाहतंय
दुसरी म्हणते, दूध उतू जाईल, गॅस बारीक कर
एक म्हणते, तुझ्या पंखांना आकाश कमी पडतंय
दुसरी म्हणते, रात्रीची गोळी दिलीस का, पांढरी, अर्धी

याच्यापुढे जातच नाही. दोघी नुसत्या भांडतात. ही कविता आहे का नुसती डोक्यातली कटकट? आणि मी कुणाचं ऐकू?

(बँकेला उत्तर द्यायची मुदत अंक हातात पडेपर्यंत संपली असती, म्हणून हिला मी लगेच ईमेल केली होती. तीच तिच्या परवानगीने छापतेय.)

अगं, कुणाचं ऐकू याचं उत्तर मी देणार नाही, देऊही नये, मी तुझी आत्या नाही. पण कवितेबद्दल बोलू शकते, आणि मला वाटतं तुझा घोळ कवितेतच दिसतोय.

"पांढरी, अर्धी" या दोन शब्दांवर मी थांबले. गोळी पांढरी आहे आणि ती मधोमध मोडून अर्धी द्यायची असते, हे ज्याने रोज रात्री स्वयंपाकघरातल्या दिव्याखाली नखाने ती मोडलीय त्यालाच सुचतं. मोडताना एक बारीक कपचा उडतो तो ओट्यावर शोधायचा, उरलेली अर्धी परत पाकिटात सरकवायची आणि उद्या ती आधी संपवायची हे लक्षात ठेवायचं, हे सगळं त्या दोन शब्दांत आलंय आणि तू त्यावर आणखी एक शब्द खर्च केलेला नाहीस. ही कविता आहे. शंका नको.

आता पहिली बघ. झेप, क्षितिज, पंख, आकाश. यातलं तुझं काय आहे? हे शब्द निरोपसमारंभाच्या कार्डावर असतात, ट्रेनिंगला येणाऱ्या सरांच्या भाषणात असतात, शाळेच्या गॅदरिंगच्या सूत्रसंचालनात तर असतातच असतात (मीही तीस वर्षं वर्गात हेच बोलले असेन, देव क्षमा करो). म्हणजे राहा म्हणणारी तुझ्या घरात राहते, तिला गॅस कुठल्या बाजूला फिरवला की बारीक होतो ते माहितीय, आणि जा म्हणणारी बिचारी कुठून तरी भाड्याने आणलेली. मग भांडण बरोबरीचं कसं होणार, आणि कविता पुढे कशी जाणार? चौथ्या ओळीलाच निकाल लागलाय, आणि तो तू लावलेला नाहीस, शब्दांनी लावलाय.

आपल्याकडे या प्रकाराला एक अख्खी परंपरा आहे, कलगी-तुऱ्याची. शाहिरांचे दोन फड समोरासमोर, कलगीवाले शक्ती मोठी म्हणणारे आणि तुरेवाले शिव मोठा म्हणणारे, एकाने सवाल टाकायचा आणि दुसऱ्याने कवनातच त्याचा जवाब द्यायचा, डफ-तुणतुण्यावर रात्र सरायची. शक्ती मोठी का शिव मोठा हे कुणी कायमचं ठरवून टाकलेलं नाही आणि ठरलं असतं तर दुसऱ्या दिवशी फड कशाला उभा राहिला असता. बघणाऱ्यांना हवी असते ती तयारीची जोडी. एक बाजू कच्ची निघाली की लोक सतरंज्या झटकून घरी. तुझा एक शाहीर कच्चा आहे, एवढीच तक्रार आहे माझी. तो जिंकावा असं मी म्हणत नाहीये हं, निदान नीट गाऊन तरी हरू दे.

आणि एक. ५ जूनला सगळ्या शाळांच्या फळ्यावर "वृक्षवल्ली आम्हां सोयरीं वनचरें" लिहितात, झाडं लावतात, फोटो काढतात, झालं. तो अभंग पुढे कुणी वाचत नाही. दुसऱ्याच चरणात आहे, "येणें सुखें रुचे एकांताचा वास । नाहीं गुण दोष अंगा येत", आणि शेवट आहे "तुका म्हणे होय मनासी संवाद । आपुलाचि वाद आपणासी". म्हणजे झाडांमधे जाऊन गप्प बसायचं असं ते म्हणतच नाहीत, उलट तिथे जाऊन स्वतःशी वाद घालायचा म्हणतात! फक्त जागा अशी पाहिजे जिथे गुणदोष अंगाला लागत नाहीत. आधी ती जागा आणि मग वाद, हा क्रम बघ. आपण उलटं करतो. बँकेत साहेबासमोर, फोनवर भावाशी बोलताना, आईच्या खोलीच्या दाराशी, जिथे जिथे कुणी तरी आपल्याला चांगली मुलगी किंवा स्वार्थी मुलगी ठरवायला बसलेलंच आहे तिथे आपण हा वाद घालतो, आणि मग त्यातला निम्मा आवाज आपला नसतोच.

तुकोबा जिथे एकांतात जाऊन बसत तो देहूजवळचा भंडारा डोंगर तुला रोज परवडणार नाही, मलाही नाही परवडत. मी सकाळी तळजाईच्या टेकडीवर जाते. आधी बडबडायची लाज वाटायची, पण आता सगळ्यांच्याच कानात काहीतरी असतं त्यामुळे एकट्या बडबडणाऱ्या बाईकडे कोणी वळून बघत नाही, सगळ्यांना वाटतं फोन चालू आहे. परवा एका काकांनी मला खूण करून सांगितलं की रेंज त्या वळणाच्या पुढे चांगली येते.

तर तू एवढं कर. जा म्हणणारीला बसव आणि विचार, नागपूरला नेमकं काय आहे? क्षितिज सोडून सांग म्हणावं. खोलीची किल्ली एकच असणार का? सकाळी उठल्यावर पहिला आवाज कशाचा? गरीबरथने एक रात्र आहे, त्या रात्री वरच्या बर्थवर झोप लागेल का, आणि लागली तर उतरताना वाईट वाटेल का? तिला पण एक पांढरी अर्धी गोळी मिळू दे.

आणि राहा म्हणणारीलाही एक प्रश्न आहे माझा. तुझ्या अख्ख्या पत्रात आई बोललेलीच नाही. वय आहे, बीपी आहे, गुडघे आहेत, कवितेत तर ती गोळीपुरतीच आहे. तिला विचारलंस का?

बाई, "रात्रंदिन आम्हां युद्धाचा प्रसंग" हा माझा स्टेटस आहे गेले सहा महिने. रात्री दोन-अडीचला डोक्यात सुरू होतं ते पहाटेपर्यंत, तू नालायक आहेस, नाही नाही तू ठीक आहेस, परत तू नालायक आहेस. अशावेळी कुठली कविता वाचावी? (वय २६, पिंपरी)

अरे, स्टेटसला पहिली ओळ ठेवलीस, शेवटची पण वाच. "तुका म्हणे तुझ्या नामाचिया बळें । अवघियांचें काळें केलें तोंड". लढाई चालू आहे असं सांगणारा माणूस शेवटी कुणाच्या जोरावर लढतोय तेही सांगतोय. त्यांच्याकडे नाम होतं. तुझ्याकडे कोण आहे? हा प्रश्न मी कवितेचा म्हणून विचारत नाहीये, खरंच विचारतेय.

सहा महिने झोप नाही हे कवितेने भागण्यातलं नाही रे. मनातल्या मनात भांडणं वेगळं, ते सगळ्यांचंच चालतं. पण झोप, जेवण, काम यावर परिणाम व्हायला लागला, किंवा आवाज विचारासारखा न येता बाहेरून कोणी बोलल्यासारखा कानाला ऐकू यायला लागला, तर डॉक्टरकडे जायचं, पाय मोडल्यावर जातो तसंच, त्यात कमीपणा काही नाही. जायला अवघड वाटत असेल तर आधी १४४१६ ला फोन कर, ही सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, चोवीस तास चालू असते, पैसे लागत नाहीत आणि मराठीतून बोलता येतं. आणि जीव नकोसा वाटण्यापर्यंत गोष्ट आली असेल तर सकाळची वाट बघू नकोस, त्याच क्षणी फोन कर आणि घरातल्या कुणाला तरी उठव. कविता कुठे पळून जात नाही, नंतर आपण बोलू.

"सुख पाहतां जवापाडें, दुःख पर्वताएवढें." जव आणि पर्वत, हे प्रमाण जरा जास्तच नाही का? (कर्वेनगर)

वाण्याच्या घरातला माणूस आहे तुका, वजनात चुकायचा नाही. पुढे बघा, "नेलें रात्रीनें तें अर्धें", आयुष्यातलं निम्मं झोपेत गेलं, उरलेल्यातलं बाळपणाने आणि म्हातारपण-आजाराने नेलं, अशी सरळ वजाबाकी मांडलीय. दुकानाच्या वहीसारखा वाचा तो अभंग, रडका वाटणार नाही.

समर्थ मनाला "मना सज्जना" म्हणतात आणि बहिणाबाई "उभ्या पीकातलं ढोर" म्हणतात. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकत नाही. यातलं प्रमाण कुठलं मानावं, कृपया थोडक्यात आणि मुद्द्याला धरून कळवावे. (सदाशिव पेठ)

तुमचं पत्र पोस्टकार्डावर आलं आणि समासही सोडलेला होता, मला फार बरं वाटलं.

थोडक्यात नाही जमणार. आपल्या घरी पोर दंगा करत असलं की आजी म्हणते, "शहाणं गं माझं बाळ, शहाणं बाळ असं करतं का?" तेव्हा ते बाळ शहाणं नसतं हे आजीला पक्कं ठाऊक असतं. मनाच्या श्लोकांतलं सज्जन मला तसं वाटतं. सज्जन असतंच तर २०५ श्लोक कशाला लागले असते?

बहिणाबाई शेतातल्या. पिकात घुसलेलं ढोर त्यांनी किती वेळा हाकललं असेल कोण जाणे. "किती हाकला हाकला, फिरी येतं पिकावर". पण त्या ओळीत राग आहे का बघा. ढोर पिकातच येणार, त्याला भूक आहे आणि पीक हिरवं आहे, त्यात ढोराचा काय गुन्हा, आपण हाकलत राहायचं. मग पुढे मनाच्या एकेक तऱ्हा सांगत सांगत शेवटी त्या मनाला सोडून देतात आणि थेट देवालाच धरतात, असं कसं मन घडवलंस बाबा, "कुठे जागेपनी तुले असं सपन पडलं?" लिहिता-वाचता न येणारी बाई देवाला विचारतेय की जागा असून तुला हे स्वप्न पडलंच कसं, आणि आपण पेठेत बसून प्रमाण कुठलं विचारतोय.

एकाच माणसाला सकाळी सज्जन म्हणावंसं वाटतं आणि संध्याकाळी ढोर, तुम्हाला नाही वाटत? घरात विचारून बघा.

---

अंक छपाईला जाता जाता धायरीहून परत ईमेल आली. आईला विचारलं म्हणते. आई आधी काही बोलली नाही, टीव्हीचा आवाज कमी केला आणि म्हणाली, "नागपूरला पाणी चोवीस तास असतं का गं?" हे हो आहे का नाही ते तिला कळलेलं नाही, मलाही नाही कळलं. बँकेला तिने काय सांगितलं ते मेलमधे नाही आणि मी विचारलं नाही.

पण कवितेची एक ओळ पुढे गेलीय.

एक म्हणते, तिथे एकच कप विसळायचा असेल, मी हळू विसळीन