तीन गाड्यांची तुलना करताना आधी आकडे तपासा

कुठली गाडी घ्यावी हे ठरवायला तुम्ही टाकलेला तक्ता पाहिला. तीन गाड्या, वीसेक रकाने, आणि तरी ठरत नाही म्हणता. मला तर रकान्यांतच घोळ दिसतोय. शेजारी शेजारी लिहिलेले आकडे एकाच मापानं मोजलेले नाहीत.

मायलेजचंच बघा. पहिल्या गाडीचा आकडा एनईडीसी या इंधनखप मोजणाऱ्या जुन्या युरोपीय चाचणीतला आहे, दुसरीचा तिच्या जागी आलेल्या डब्ल्यूएलटीपीमधला. जुनी चाचणी साधारण 11 किलोमीटरची, सरासरी वेग ताशी 34 किलोमीटरच्या आसपास. युरोपात 2017 पासून लागू झालेली डब्ल्यूएलटीपी 23 किलोमीटरची, आणि तिच्यात वेगही जास्त धरलाय. तीच गाडी दोन्ही चाचण्यांतून काढली, तर जुनीत ती सहसा जास्त काटकसरी दिसते. तेव्हा तिघींचे आकडे एकाच चाचणीचे घ्या. मिळत नसतील तर रकाना खोडा आणि टाकी फुल्ल ते टाकी फुल्ल असा हिशेब ठेवणारे मालक गाठा. डॅशबोर्डवरचा आकडा बहुधा गाडीचीच बाजू घेतो.

सुरक्षेच्या स्टारचंही तेच. तुम्ही फक्त "5 स्टार" लिहिलंय, साल कुठेच नाही. रेनो झोई या गाडीला युरो एनकॅपनं, म्हणजे युरोपात गाड्यांच्या सुरक्षा चाचण्या घेणाऱ्या संस्थेनं, 2013 मध्ये 5 स्टार दिले आणि 2021 मध्ये शून्य. मधल्या काळात निकष कडक झाले, शिवाय सीटमधल्या साइड एअरबॅगनं आधी डोक्यालाही मिळणारं संरक्षण नव्या गाडीत राहिलं नाही. म्हणून स्टारपुढे साल लिहा आणि चाचणी कुठल्या व्हेरिएंटची होती तेही. समोरून धडकेचे निकाल साधारण सारख्या वजनाच्या गाड्यांमध्येच ताडून बघावेत. छोट्या हॅचबॅकचे 5 आणि जड एसयूव्हीचे 5 एकमेकांसमोर ठेवू नका.

व्हेरिएंटचा मुद्दा मला सगळ्यात मोठा वाटतो. रिव्ह्यूला बहुतेक वेळा टॉप व्हेरिएंट दिलं जातं; तुम्ही घेणार मधलं. टायरचा आकार वेगळा, सीट वेगळ्या, हेडलाइट वेगळे, कधी इंजिनही वेगळं. म्हणजे कौतुक वाचायचं एका गाडीचं आणि पैसे मोजायचे दुसरीचे! तक्त्यात मॉडेलऐवजी नेमकं व्हेरिएंट लिहा. ईएससी (गाडी घसरायला लागली तर सावरणारी यंत्रणा) आहे का आणि एअरबॅग किती, हे आधी भरा, सनरूफ वगैरे शेवटी.

पॉवरच्या रकान्यावर फार वेळ घालवू नका. टॉर्क, म्हणजे इंजिनाचा ओढायचा जोर, किती आरपीएमला (मिनिटाला किती फेऱ्यांना) मिळतो आणि गाडीचं वजन किती, एवढं बघितलं की पुरे. बाकीचं चालवून कळतं.

टेस्ट ड्राइव्ह मात्र नीट घ्या. शोरूमवाले त्यांच्या सोयीच्या गुळगुळीत रस्त्यानं नेतात. तुम्ही खड्डे, चढ आणि गर्दी असलेला रस्ता मागा, आणि तिन्ही गाड्यांसाठी तोच ठेवा. जमल्यास एक फेरी अंधार पडल्यावर मारा, कारण हेडलाइटचा उजेड ब्रोशरमधून कळत नाही. घरातल्या सगळ्यात उंच माणसाला मागे बसवा. चाइल्ड सीट लागणार असेल तर ती सोबत न्या आणि बसवून बघा. डिकीचे लिटर कितीही असोत, तिचं तोंड अरुंद असेल तर मोठी बॅग आत जात नाही.

खर्चात तुम्ही फक्त किंमत आणि इंधन धरलंय. नव्या गाडीत बऱ्याचदा सगळ्यात मोठा खर्च असतो तो उतरत्या किमतीचा, आणि तो विकायला काढेपर्यंत दिसत नाही. त्याच मॉडेलच्या तीन-चार वर्षं जुन्या गाड्या कितीला विकल्या जातात ते बघा. विम्याचं कोटेशन नेमक्या व्हेरिएंटवर मागवा. टायरच्या सेटची किंमतही विचारा. मोठ्या अलॉय चाकांचे टायर सहसा महाग पडतात.

तुम्ही मायलेजवरून दुसरी गाडी बाद करायला निघालात. ते तूर्त थांबवा, कारण तिचा आकडा कडक चाचणीचा आहे. तिसरीचं टॉप व्हेरिएंट तक्त्यात आहे, पण तुमचं बजेट मधल्याचं. त्या ओळी दुरुस्त करून तक्ता परत टाका, मग पुढचं बोलू.